खडकावरचे शिंपले आणि शेतातली माती
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



शेतीच्या व्यासपीठावर शिंपल्यांचा विषय कशाला, असे आपणास वाटेल. परंतु कोकणातील शेत आणि समुद्रातील खडक यांचे नाते पावसाच्या पाण्याने जोडलेले आहे.

कालवे, शिनाणे, तिसऱ्या हे सर्व मृदुकाय प्राणी होत. ते सगळीकडे सारखे आढळत नाहीत. तिसऱ्यांना वाळू-चिखल मानवतो, तर कालवे व शिनाणे यांना चिकटण्यासाठी कठीण आधार लागतो. त्यांची सूक्ष्म पिल्ले सुरुवातीला पाण्यात तरंगतात व प्रवाहाबरोबर दूरवर जातात. मात्र योग्य जागा मिळाली तरच रुजतात. बियाण्याचेही तसेच आहे.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 100 किलोमीटरवर 'आंग्रिया बँक' हे पाण्याखालचे पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्याचा माथा सुमारे 20 मीटर खोलीवर आहे. नद्यांचा गाळ इतक्या दूर पोचत नसल्याने तेथे पाणी नितळ असते, प्रकाश खोलवर जातो व प्रवाळ वाढतो. प्रवाळाच्या कपारींत शंख-शिंपल्यांना आसरा मिळतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांत महाकाय शिंपला आढळतो. त्याच्या मांसल भागात शेवाळ असते व ते उन्हावर अन्न तयार करते. म्हणूनच खाडीच्या गढूळ पाण्यात तो जगत नाही.

मालवणचे प्रवाळ मात्र किनाऱ्यालगत आहेत. तेथे 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. परंतु अभयारण्याची हद्द गाळाला अडवू शकत नाही. खडकावर गाळ बसला की पिल्लांना चिकटायला जागा उरत नाही आणि प्रवाळ गुदमरतो. या गाळात आपल्या वरकस जमिनीची मातीही असते. म्हणजे आपला कस जातो आणि कालवे काढणाऱ्या भगिनींची रोजीही धोक्यात येते.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :
1. उताराला आडवी मशागत व लागवड करावी.
2. बांधावर वाळा किंवा गिरिपुष्प लावावे.
3. भातखाचरांचे बांध पावसापूर्वी दुरुस्त करावेत.
4. आम्ल जमिनीस शिंपल्यांचा चुना उपयुक्त आहे. तो माती परीक्षणानुसारच द्यावा व त्यासाठी जिवंत शिंपले काढू नयेत.

शेतातली माती शेतातच राहिली, तर पीकही पिकेल आणि खडकही नांदेल.