हुर्राक आणि फुटबॉल



वाशिंदच्या माणसाला सहल म्हटलं की माहुली आठवते, फार तर माळशेज. आज जरा लांबचा बेत सांगतो, पण त्यासाठी रजा टाकावी लागत नाही. शुक्रवारी रात्री लोकलने ठाणं गाठायचं आणि कोकणकन्येत बसायचं. सकाळी ती थिवीला सोडते. संध्याकाळी मुंबईकडे निघालेली कोकणकन्या त्याच स्टेशनावर मिळते. मधला दिवस गोव्यातल्या बारदेशात काढायचा. महिना एप्रिलचाच हवा, का ते सांगतो.

म्युनिकचा बिअर महोत्सव जगभर ठाऊक आहे. त्याची सुरुवात 1810 साली बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त भरवलेल्या घोड्यांच्या शर्यतीने झाली. म्हणजे आधी खेळ, मग पेला. गोव्यात उन्हाळ्यात ही जोडी गावोगाव असते. फक्त तिला कुणी महोत्सव म्हणत नाही, त्यामुळे तंबू नाहीत आणि तिकीटही नाही.

सकाळी काजूच्या बागेतली भट्टी बघावी. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेली वेचतात. बी पिळून वेगळी करतात आणि बोंडं उथळ टाकीत पायांनी तुडवतात. त्या गोडसर, घशाला किंचित आवळणाऱ्या वासावर माश्यांचे थवे असतात, तेवढे सोसावे लागतात. निघालेला रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, वरून काही घालत नाहीत. मग तो तांब्याच्या भांड्यात चढवतात. पहिल्या धारेची ती हुर्राक. ती पुन्हा गाळली की फेणी होते. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती बाटलीत बसून देशोदेशी जाते. हुर्राक मात्र सौम्य, फार दिवस न टिकणारी. पाऊस आला की हंगाम संपला. गावात ती लिम्का, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. बसल्या जागी काही वाटत नाही, उठताना कळतं. रेडिओवरून याहून जास्त सांगणं बरं नव्हे.

दुपारी मासे-भात खाऊन सावलीत पडावं आणि ऊन कललं की मैदानावर जावं. ते शोधावं लागत नाही, शिट्टीचा आवाज येतो. कापणी झालेल्या शेतात नाहीतर चर्चसमोरच्या लाल मातीत सामना चाललेला असतो. सीमारेषेला चिकटून प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर गावातल्या आज्या. रेफ्रीने ऑफसाइड दिला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, तोही आज्यांकडूनच. कोकणी समजत नसली तरी हे बरोबर समजतं. गोव्यात हा खेळ 1883 साली फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीत आणला असं मानतात, आणि शिवोली याच बारदेशात आहे. भारताचे कर्णधार झालेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. संतोष करंडक गोव्याने अनेकदा जिंकला, त्याचं मूळ मला मोठ्या स्टेडियमपेक्षा या शेतांतच दिसतं.

टीव्हीवर युरोपातला सामना घरबसल्या दिसतो, फेणी दुकानात मिळते. हुर्राक आणि गावचा सामना या दोन गोष्टी मात्र जागा सोडत नाहीत. त्यांच्याकडे आपणच जायचं, त्यांच्या वेळेला.

आता आपल्याकडे बघा. भात निघालं की वाशिंद-खडवलीच्या खाचरांत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात, कबड्डीचं मैदान आखलं जातं. चैत्रात शहापूर-मुरबाडच्या रानात पहाटे मोहाची फुलं वेचतात. सामग्री तीच आहे. पण गोव्यात भट्टीला परवाना आहे, मालकाला आपल्या धारेचा अभिमान आहे. आपल्याकडे मोहाची भट्टी म्हटली की आधी पोलीस आठवतात, आणि चोरून गाळलेल्या मालाची खात्री कुणी द्यायची? दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी आपल्याच पाड्यांवर पाहिली आहेत, तेव्हा हा प्रश्न सोपा आहे असं म्हणणार नाही. तरी लपवल्याने ती घरं वाचली, असंही दिसलेलं नाही.

जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भाड्याची स्कूटर घेतलीत तर चालवणाऱ्याने नुसतं लिम्कावर भागवावं. आणि परतीच्या पिशवीत बाटली टाकू नका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. काजूगर आणा, त्याला कुणी हरकत घेत नाही.