गांधीलमाशी आणि भुंगेरा : दोन शिकारी



भीतीपोटी मनुष्य ज्यांच्याकडे नीट पाहतही नाही, अशा दोन भारतीय कीटकांची तुलना आज करावयाची आहे. एक उडणारी, दुसरा केवळ चालणारा. पण दोघेही शिकारी.

पहिली मोठी गांधीलमाशी, व्हेस्पा ट्रॉपिका. काळसर देह आणि पोटावरील ठळक पिवळा पट्टा ही तिची खूण. चावून मऊ केलेल्या लाकडाच्या लगद्यापासून ती कागदासारखे घर बांधते. लहान गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून ती त्यांच्या अळ्या पळविते. मात्र हे मांस ती स्वतः खात नाही. तिची कंबर इतकी बारीक, की घन अन्न पोटात उतरतच नाही. ते घरच्या अळ्यांना भरविले जाते आणि अळ्यांच्या मुखातून पाझरणारा रस प्रौढ माश्यांना मिळतो. शिकार एकीची, पोषण साऱ्या कुटुंबाचे.

दुसरा अँथिया सेक्सगटाटा हा भुंगेरा. लांबी सुमारे 4 सेंटिमीटर, काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके. पाठीवरचे कठीण पंख एकमेकांस जुळलेले असल्याने त्याला उडता येत नाही. तो पायांच्या वेगावर कीटक गाठतो आणि एकटाच खातो. त्याला नांगी नाही. छेडल्यास मात्र तो फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. ती डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो.

समूहात राहणारी श्रेष्ठ आणि एकटा कनिष्ठ, असा निवाडा घाईचा ठरेल. दोन्ही रीती निसर्गात टिकून आहेत. दोघांची शस्त्रेही विनाकारण चालत नाहीत. गांधीलमाश्यांत नांगी केवळ माद्यांना असते आणि घरावर संकट आले की ती निश्चित उगारली जाते. म्हणून पोळ्यावर दगड मारू नये. घराजवळ पोळे आढळल्यास मुलांना दूर ठेवून जाणकारास बोलवावे.

खरा भेद संकटकाळी दिसतो. झाडी तुटली, तर गांधीलमाशी उडून दुसरा आसरा शोधू शकते. भुंगेऱ्याला मात्र पायीच निघावे लागते आणि वाटेत रुंद रस्ता, सिमेंटचे अंगण, माणसाची चप्पल असते. ज्या झुडपी माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हटले जाते, तेच त्याचे घर. मुलांसमवेत अशा माळावरून जाताना काळ्या पाठीवरचे सहा ठिपके दिसले, तर दोन पावले मागे सरून त्याला वाट द्यावी.