फर्माची सहावी संख्या

आज एकाच संख्येविषयीं बोलावयाचें आहे. कागद-पेन्सिल जवळ असल्यास ती लिहून घ्यावी : ४,२९,४९,६७,२९७. दोनच्या बत्तिसाव्या घातांत एक मिळविला म्हणजे ही येते.

फ्रान्समधील पियेर द फर्मा हा व्यवसायानें कायदेपंडित. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. दोनचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा घात घेऊन प्रत्येकांत एक मिळविल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या संख्या मिळतात. पांचही मूळ संख्या. घातांक असाच दुप्पट करीत गेल्यास पुढील सर्व संख्याहि मूळच निघतील, असें त्यानें १६४० सालीं पत्रांतून कळविलें. सिद्धता मात्र आपणांस साधलेली नाहीं, हेंहि त्यानें प्रांजळपणें मान्य केलें.

आपली संख्या या मालिकेंतील सहावी. १७३२ सालीं ऑयलरनें दाखविलें कीं, तिला ६४१ नें निःशेष भाग जातो!

हा भाजक त्याला सांपडला कसा? या संख्येच्या कोणत्याहि मूळ भाजकास ६४ नें भागल्यास बाकी एकच राहिली पाहिजे, असा नियम त्यानें पुढें सिद्ध केला. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. म्हणजे पांचव्या प्रयत्नांतच काम होतें.

भागाकार न करतांहि खात्री पटते, ती अशी. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. म्हणून ५ गुणिले १२८ यास ६४१ नें भागतांना एक कमी पडतो. बाकी उणे एक म्हणा. उणे एकाचा चौथा घात एक. तेव्हां ६२५ गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात, यास भागल्यास बाकी १ राहते. पण ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. म्हणून ६२५ च्या जागीं उणे १६ घेतले तरी बाकी तीच. सोळा हा दोनचा चौथा घात. गुणाकार झाला उणे दोनचा बत्तिसावा घात. त्याची बाकी १, म्हणून त्या घातांत एक मिळवितांच बाकी शून्य!

मला येथें एक जुनी गोष्ट बोचते. तीन-चार उदाहरणें करून मीं फळ्यावर एक नियम लिहिला, तेव्हां "पण मास्तर, नेहमींच कां?" असें एका मुलानें विचारलें. उदाहरणें जुळलीं ना, मग बैस खालीं, असें मीं त्यास दटावलें. फर्माजवळ पांच उदाहरणें होतीं.

बुद्धिबळाच्या पटावरील चौसष्ट घरांत दाणे दुप्पट करीत गेल्यास होणारी एकूण बेरीज या सहा संख्यांच्या गुणाकाराइतकीच भरते, हें जातां जातां सांगतों. ६५५३७ च्या पुढें या मालिकेंत अद्याप एकहि मूळ संख्या सांपडलेली नाहीं. ती मुळींच नाहीं, असेंहि कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.

दुसरा अवयव ६७,००,४१७. त्यास ६४१ नें गुणून पाहावें. हातचे विसरूं नयेत.