पाटाच्या पाण्याचा जमाखर्च

(नाशिकच्या गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म 1901 सालचा, आणि तो नाशिकचा. वाढले नागपुरात, शिकले केंब्रिजला, नाव झाले पुण्याच्या गोखले संस्थेत. म्हणून की काय, त्यांना आपले म्हणायचे आपण विसरलो. केंद्राची मदत राज्यांत वाटण्याचे त्यांचे ‘गाडगीळ सूत्र’ स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पाठ असते. मला मात्र त्यांच्या एका रूक्ष वाटणाऱ्या पुस्तकाबद्दल बोलायचे आहे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे आर्थिक परिणाम मोजणारी ही पाहणी 1948 साली प्रसिद्ध झाली.

तोवर सरकारचा प्रश्न सावकारी थाटाचा होता: कालव्यात घातलेला पैसा पाणीपट्टीतून व्याजासकट सुटतो का? गाडगीळांनी हिशेबाची वहीच रुंद केली. पाणी शेतात गेले की ऊस उभा राहतो, गुऱ्हाळ पेटते, लांबून मजूर येतो, पेठेला गिऱ्हाईक मिळते. ही सगळी मिळकत पाणीपट्टीच्या रकान्यात दिसत नाही, पण ती कालव्याचीच. पुढे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला तेव्हा हेच गृहस्थ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ज्या पाण्याचा हिशेब मांडला, त्याच पाण्यावरच्या उसात ते उतरले. असे अर्थशास्त्रज्ञ आता विरळाच.

जमेची बाजू त्यांनी रुंद केली, खर्चाची बाजू रुंद करायचे काम मात्र आपल्याकडे राहिले. नांदूरमधमेश्वरला चला. गोदावरीचे कालवे निघतात तो हा बंधारा. त्याच्या पोटात दरवर्षी गाळ साचत गेला, पाणी धरायची ताकद घटली. कारखान्यातले यंत्र झिजले की मालक घसारा लिहितो. बंधारा गाळाने भरला, चांगली जमीन अतिपाण्याने चोपण झाली, याचा घसारा कुणी लिहिला? गंमत अशी, की त्याच गाळावर पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले आणि 2020 मध्ये हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. म्हणजे तोटाही वहीत नाही आणि हा अनपेक्षित नफाही नाही!

इथे, आपल्या पायाशीच बघा. सिंहस्थाच्या कामांत गोदापात्रातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले गेले. न्यायालयीन लढ्यानंतर काही भागांतले ते काढले गेले. काँक्रीट ओतले तेव्हा देशाच्या वहीत उत्पन्न वाढले, फोडले तेव्हाही वाढले. तळचे झरे बुजले, ते कुठेच लिहिले गेले नाहीत. अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता हेच सांगत आले आहेत: वर्षाची कमाई मोजू नका, गाठीची संपत्ती मोजा, आणि त्या संपत्तीत नदी, माती, जंगल धरा. त्यांच्याच अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने 2013 मध्ये भारतासाठी हरित लेख्यांचा आराखडा दिला. आराखडा चांगला आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी मात्र चर्चा विकासदराचीच होते.

हवामान धोरणाचीही तीच गत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशावर 2010 पासून टनामागे 50 रुपये उपकर होता, 2016 पर्यंत तो 400 झाला. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी होता. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांची नुकसानभरपाई करण्याच्या थैलीत गेला. धुराची किंमत वसूल झाली, धुरासाठी खर्चली गेली नाही.

पण माझ्या मते पाण्याच्या हिशेबाची खरी परीक्षा टंचाईच्या वर्षी होते. बागलाणात मोसम-आरम नद्यांवर आणि पलीकडे धुळ्यात पांझरेवर फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात काय घ्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी पाटकरी सोडणार, पिकाची राखण जागल्या करणार. साधारणपणे प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवायचा. झळ सगळ्यांनाच लागे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली नोबेल मिळाले ते सामाईक साधने लोक स्वतः नियम करून कशी सांभाळतात, याच्या अभ्यासासाठी. त्यांची उदाहरणे जगभरची. बागलाणच्या शेतकऱ्याला मात्र त्यात नवल वाटले नसते.

आता आपला आजचा नियम पाहा. 2005 च्या कायद्याने पाण्याचे समन्यायी वाटप आले आणि 2014 च्या आदेशाने आकडा ठरला: 15 ऑक्टोबरला खाली पैठणच्या जायकवाडी धरणात 65 टक्क्यांहून कमी साठा असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे. नाशिककर चिडतात. मी त्या नियमाच्या बाजूचा आहे, हे इथेच सांगतो. खालच्या माणसाचा हक्क वरच्याने नाकारू नये. माझी तक्रार वेगळी आहे. हा नियम धरणाच्या दरवाजापाशी संपतो. पाणी पैठणला पोचल्यावर ते उसाला जाते की पिण्याला, आणि ते इथे राहिले असते तर द्राक्षाला गेले असते की नव्या वसाहतींच्या टाक्यांत, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. फडात पाण्याआधी पीक ठरायचे. आपण पाणी टक्क्यांनी वाटतो आणि पीक ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडतो.