उपचारापूर्वीचे तीन आठवडे



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी कर्करोगाचा विषय काढावा की नाही, याचा मी बराच विचार केला. परंतु दुर्ग स्थानकावरून मुंबई मेलने परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेले एखादे कुटुंब आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे.

माझ्या थोरल्या बंधूंच्या गालात आतून गाठ निघाली. शस्त्रक्रियेस तीन आठवडे अवकाश होता. ते दिवस त्यांनी आमच्या मोहन नगरच्या घरी काढले. आम्ही त्यांना अंथरुणावरून उठू दिले नाही आणि रोगाचे नाव त्यांच्यासमोर उच्चारले नाही. सारे प्रेमापोटीच! मुंबईस पोहोचलो तेव्हा त्यांना एक जिना चढताना धाप लागली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "यांना असे निजवून कोणी ठेवले?" मी उत्तर दिले नाही. शस्त्रक्रिया दहा दिवस पुढे गेली.

त्या दहा दिवसांत जे शिकवले गेले, ते घरीच सुरू करता आले असते. पाश्चात्त्य वैद्यकात यास 'प्रीहॅबिलिटेशन' म्हणतात. आपण पूर्वतयारी म्हणू. रोज चालणे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे. तीन चेंडूंच्या नळीतून श्वास आत ओढणे (फुंकणे नव्हे, आम्ही प्रथम फुंकतच होतो). तंबाखू तत्काळ बंद, कारण तिने जखम भरण्यास विलंब होतो. पुढे किरणोपचाराने जबडा आखडतो, म्हणून आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकेक वाढवीत तोंड उघडण्याचा सराव. किडके दात किरणांपूर्वी सुमारे दोन आठवडे आधी काढलेले बरे. अर्थात रक्त कमी असेल वा रोग हाडांत उतरला असेल, तर व्यायाम डॉक्टरांना विचारूनच.

मनाच्या तयारीचे काय? मुंबईत स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी 1994 साली 'व्ही केअर' ही संस्था काढली. त्याच वाटेने गेलेला माणूस शेजारी बसला की रुग्णास जे विचारता येते, ते आम्हां नातलगांस विचारता येत नाही. दादांना अशाच एका गृहस्थांनी सांगितले, "नाकात नळी असेल, काही दिवस बोलता येणार नाही, पाटी-पेन्सिल जवळ ठेवा." दादांनी त्याच संध्याकाळी दादरला पाटी घेतली.

शस्त्रक्रियेनंतर तिच्यावर त्यांनी प्रथम लिहिले ते माझ्यासाठी होते: "रोगाचे नाव मला दुर्गलाच ठाऊक होते. तुला बोलवत नव्हते, म्हणून मीही गप्प राहिलो."