घराच्या उष्णतेचा जमाखर्च

वैशाखात बऱ्हाणपूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. पण तो आकडा सावलीतल्या हवेचा. राजपुऱ्यात धडधाकट माणसे रात्री गच्चीवर पथारी टाकतात. बाळंतीण, तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेला म्हातारा यांना मात्र स्लॅबखालीच निजावे लागते. त्यांच्या वाट्याला किती उष्णता येते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ती मोजावी लागते.

१० चौरस मीटर छताची खोली घ्यावी. वर १२ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आहे. त्याचा पृष्ठभाग ६० अंश तापला आणि खोलीतील हवा ३६ अंश राहिली, असे समजू. अशा स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून, दर अंशाच्या फरकास, सुमारे ४ वॅट उष्णता खाली उतरते. म्हणजे एकंदर ९६० वॅट. तापलेली विजेची इस्त्रीच जणू आढ्याला टांगली! उलट, स्वस्थ बसलेला माणूस शंभरेक वॅटच देतो. खोलीतील ३० घनमीटर हवा तासाला एकदा बदलली आणि बाहेर ८ अंश अधिक असले, तर हवेवाटे ८० वॅट येतात. तेव्हा पहिला रुपया कोठे खर्चावा, हे उघड आहे. २०१८ च्या ‘ईको निवास संहिते’ने नव्या घरांच्या छतांसाठी १.२ ची मर्यादा घातली. बाहेरील हवेच्या थराचा रोध धरूनही या स्लॅबचा आकडा साडेतीनच्या घरात जातो.

हा हिशेब स्थिर स्थितीचा झाला. प्रत्यक्षात स्लॅब उष्णता साठवतो व तीन-चार तास उशिराने ती खाली सोडतो. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी भिंती त्याहून फार उशीर लावतात, तोवर बाहेरची हवा निवलेली असते. म्हणून केवळ दुपारचे मोजमाप फसवे ठरते. स्लॅबच्या खालच्या अंगास उष्णताप्रवाहमापकाची पातळ चकती, मध्ये हवा न राहील अशी, लेप लावून चिकटवावी. वर व खाली तापमान टिपावे. आणि निदान तीन अहोरात्र नोंदी घ्याव्यात. शेजारी काळा रंग दिलेला तांब्याचा पोकळ गोळा व त्यात तापमापक टांगावा, म्हणजे छताची धग आकड्यात येते. उष्णता खाली येत असताना चकतीच्या आकड्याचे चिन्ह एक, वर जाऊ लागली की दुसरे. ज्या खोलीत हे चिन्ह पहाटेपर्यंत पालटत नाही, तेथे पंखा केवळ तापलेली हवाच घुसळीत असतो.

यंत्रमागाच्या खोलीचे खाते निराळे. तेथे मोटारीने घेतलेली वीज अखेर बहुतेक सारी उष्णताच होते, आणि छत सुधारले तरी ती बाहेर काढण्याची सोय वेगळीच करावी लागते. राहत्या घरात मात्र गच्चीला चुन्याचे दोन हात देऊन पुन्हा तीन दिवस मोजावे. धुळीने चुना मळतो, म्हणून पुढच्या चैत्रात चकती त्याच जागी पुन्हा लावावी.