चित्र आणि पान : माध्यमिक शाळेतील एका नव्या लेखनविद्येविषयी

निरनिराळ्या जिल्ह्यांतून शाळेची कामे मागे ठेवून येथे आलेल्या कलाशिक्षक व संगणकशिक्षक बंधुभगिनींनो,

या संमेलनाचा अध्यक्ष या नात्याने, ज्या प्रश्नाने गेली काही वर्षे माझे मन व्यापले आहे तोच आपल्यापुढे मांडण्याची अनुज्ञा मी मागतो. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना संगणकावर चित्रसंपादन आणि वेबपेजची रचना शिकवावी, हे अनेक शाळांनी या ना त्या स्वरूपात मान्य केले आहे. पण ही विद्या कोणत्या जातीची, ती कोणाच्या हाती सोपवावी आणि तिची परीक्षा कशाने व्हावी, याचा निर्णय आपण अजून केलेला नाही. तो न झाल्यामुळे ती संगणक कक्षाच्या दप्तरी एक यांत्रिक कसब म्हणून जमा झाली असून, कोणते बटण दाबले असता काय घडते एवढेच तिचे स्वरूप उरले आहे. माझे प्रतिपादन असे की ही लेखनविद्या आहे. निबंध लिहिणाऱ्या मुलाकडून विचारांची मांडणी, भाषेची शुद्धता आणि सत्याची चाड यांची जी अपेक्षा आपण धरतो, तीच चित्र सुधारणाऱ्या आणि पान रचणाऱ्या मुलाकडूनही धरली पाहिजे.

या अपेक्षेला आपल्याकडे पूर्वपीठिका आहे. ज्या शासकीय रेखाकला परीक्षांना आपण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या नावांनी ओळखतो, त्यांतील स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या विषयांपैकी प्रत्येकाचे पडद्यावरील कामाशी सख्खे नाते आहे. तांब्याच्या कडेवर प्रकाश कोठे संपतो व छाया कोठे सुरू होते, हे ज्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने शोधले आहे, त्याला छायाचित्राचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-छायेचा आलेख, समजावून देण्यास फारसे श्रम पडत नाहीत. ज्याने ते कधी पाहिलेच नाही, तो उजेड वाढवण्याची पट्टी उजवीकडे ओढीत राहतो, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या नाहीशा झाल्या तरी ते त्याच्या ध्यानात येत नाही. संकल्पचित्रात रिकाम्या जागेचा मान राखण्यास शिकलेली मुलगी वेबपेजवरही न सांगता समास सोडते. म्हणून या विषयाचे तास कलाशिक्षक आणि संगणकशिक्षक या दोघांनी एकत्र घ्यावेत, ते सुटे न ठेवता जोडतास म्हणून वेळापत्रकात यावेत, आणि मजकूर तपासण्यासाठी मराठीच्या शिक्षकांचाही त्यांत हक्काने समावेश व्हावा, अशी माझी पहिली शिफारस आहे.

चित्र संगणकात शिरते म्हणजे नेमके काय होते, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्राकरवी संगणकात उतरवले, तेव्हा ते आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपक्यांचे होते. ही संख्या फळ्यावर मांडून, मुलांना आलेखाच्या कागदावर चौकटी भरून आपल्या नावाचे आद्याक्षर काढावयास लावले, की पिक्सेल, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका, ही वस्तू संगणक सुरू करण्यापूर्वीच त्यांच्या हाताला परिचित होते. पुढे तांबडा, हिरवा आणि निळा या तिन्ही प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या मानल्या, तर १,६७,७७,२१६ रंग कसे सिद्ध होतात, हा गुणाकार त्यांचा त्यांनीच करावा. ज्याने तो स्वतः केला, त्याला रंगाची संख्या हे गूढ वाटत नाही.

याच हिशेबातून एक सामाजिक कर्तव्यही शिकवता येते. आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके असलेले स्नेहसंमेलनाचे छायाचित्र एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे असते. पानावर ज्या जागेत ते दिसावयाचे ती ८०० बाय ६०० ची असेल, तर ४,८०,००० ठिपके पुरतात, म्हणजे आपण पंचवीसपट ओझे विनाकारण पाठवीत असतो. ते ओझे दूरच्या वाडीवर मोबाइलची रेंज येते-जाते अशा ठिकाणी बसलेल्या पालकाच्या माथी पडते आणि त्याच्या पैशाने उतरते. चित्र योग्य आकाराचे करणे हा वाचकाविषयीच्या आदराचा भाग आहे, ही जाणीव मुलांना नवव्या इयत्तेत झाली तर पुढे कोणाला ती सांगावी लागणार नाही. १९९२ साली प्रमाण ठरलेली जेपेग पद्धती आठ बाय आठच्या चौकोनांत चित्राचा बारीक तपशील गाळून त्याचे आकारमान घटवते आणि प्रत्येक नव्या जतनाबरोबर थोडा आणखी गाळू शकते, हे कळले की मूळ प्रत निराळ्या फोल्डरमध्ये अस्पर्शित का ठेवावयाची, हेही आपोआप कळते.

मूळ प्रत जपण्याचे याहूनही मोठे कारण आहे, आणि या विषयाचे हृदय मी तेथेच मानतो. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिऑग्राफिक या प्रतिष्ठित मासिकाने गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठावर बसावे म्हणून त्यांतील पिरॅमिड संगणकाच्या साह्याने एकमेकांजवळ सरकवले. फोटोशॉप बाजारात आले १९९० साली. म्हणजे चित्रात फेरफार करण्याचा हा मोह त्या साधनाहून जुना आहे. त्याच्या उलट बाजूस आपल्याच महाराष्ट्राचे उदाहरण घ्या. मुंबईच्या कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण व मुद्रण या दोन्ही कारागिऱ्यांत मुरलेले दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' घेऊन लोकांपुढे आले आणि पुढील चित्रपटांत त्यांनी कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी अद्भुत दृश्ये उभी केली. त्यांना कोणी असत्यवादी म्हटले नाही, कारण प्रेक्षक आख्यान पाहावयास आला होता, साक्ष ऐकावयास नव्हे. कल्पना आणि साक्ष यांतील हा भेद विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवणे, हेच चित्रसंपादनाच्या शिक्षणाचे मुख्य प्रयोजन होय.

वर्गात याची अंमलबजावणी कशी करावी? मी असे सुचवतो की प्रत्येक विद्यार्थ्याने एकाच छायाचित्राच्या दोन आवृत्त्या कराव्यात. पहिली बातमीसाठी: तीत क्रॉप करणे, उजेड व रंग यांचा तोल साधणे एवढीच मुभा असावी. दुसरी भित्तिपत्रकासाठी: तीत लेयर, मास्क, क्लोन या सर्व साधनांचा मनसोक्त उपयोग करावा. आणि दोहोंखाली, काय बदलले व का बदलले, याची चार ओळींची नोंद स्वतःच्या सहीने लिहावी. गावात जुना फोटो स्टुडिओ चालवणारे एखादे गृहस्थ असतील, तर त्यांना सन्मानाने वर्गात बोलवावे. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉज आणि बर्न या नावांची जी साधने आहेत, ती काळोख्या खोलीत एन्लार्जरच्या प्रकाशाखाली हाताची सावली धरून केल्या जाणाऱ्या कामावरून आली आहेत, आणि ते काम प्रत्यक्ष केलेला माणूस त्यासंबंधी जे सांगेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडावयाचे नाही.

दुसऱ्याच्या, विशेषतः मुलींच्या, छायाचित्राशी खेळ हा या विषयाच्या वर्गात क्षणभरही चालू देता कामा नये. ज्याचे चित्र त्याची परवानगी, हा दंडक पहिल्या तासाला सांगावा आणि तो शाळेने स्वतःही पाळावा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या संगणकीय माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. तेव्हा विद्यार्थ्यांची छायाचित्रे शाळेच्या वेबसाइटवर चढवण्यापूर्वी पालकांची लेखी संमती दप्तरी असावी, हे उचित होय. चोरलेल्या सॉफ्टवेअरवर धडे देऊन मुलांना लेखाधिकाराचा आदर शिकवता येत नाही, हेही मी येथे स्पष्टपणे सांगू इच्छितो. गिंप हे चित्रसंपादनाचे साधन बर्कलीच्या विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली रचावयास घेतले आणि ते आजही विनामूल्य व मुक्त आहे. रेखाचित्रांसाठी इंकस्केप तसेच उपलब्ध आहे. शाळेतील जुन्या संगणकांवर शिकवण्याजोगे काम या साधनांनी होते.

आता पानाकडे वळतो. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत रचलेली वेबची ही व्यवस्था त्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी खुली केली, आणि तिचा आत्मा असा आहे की लेखकाने मथळा, परिच्छेद, यादी, कोष्टक हे मजकुराचे अवयव टॅग लावून स्पष्ट करावयाचे, आणि त्यांचा वेष सीएसएसच्या निराळ्या फाइलीत ठरवावयाचा. ही विभागणी म्हणजे मुलांच्या लेखनाला लाभलेले वरदान आहे असे मी मानतो. कारण आपल्या निबंधाचा मुख्य मथळा कोणता, उपमथळे कोणते, आणि कोणता परिच्छेद कोणाखाली यावा, हे ठरवल्यावाचून पहिला टॅगही लिहिता येत नाही. यासाठी इंटरनेटची जोडणीही लागत नाही. साधा नोटपॅड, एक ब्राउझर आणि आपल्याच संगणकातील एक फोल्डर एवढ्यावर वर्षभराचा अभ्यास होतो.

चार वाक्यांची आज्ञा केली असता यंत्र संपूर्ण पान रचून देते, मग हाताने टॅग का लिहावयाचे, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की यंत्राने रचलेले पान ज्याला वाचता येत नाही, तो न वाचलेल्या दस्तऐवजावर अंगठा उठवीत असतो. आधी वीस-पंचवीस टॅगांचे पान स्वहस्ते लिहावे. मग यंत्राचे साह्य अवश्य घ्यावे, आणि त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे अशी अट घालावी. अकरावी-बारावीच्या माहिती-तंत्रज्ञान विषयात वेबपेजरचना येतेच; तेथे जाणारा विद्यार्थी निदान एवढी तयारी घेऊन जावा.

आणि हे पान मराठीत असावे. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण हा भाग इंग्रजी पुस्तकावरून शिकता येत नाही. अनेक वर्षे आपले मराठी दस्तऐवज अशा फॉन्टांत टंकले गेले की डोळ्यांना देवनागरी दिसे आणि संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरेच असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळा मजकूर निरर्थक होई, आणि त्यातला शब्द शोधू म्हटले तर सापडत नसे. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना त्यांचे स्वतःचे संकेत देणाऱ्या युनिकोडने हा अडथळा दूर केला. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने मंगल हा फॉन्ट रेखून देवनागरीला संगणकावर घर मिळवून दिले, आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'मुक्त', 'बलू' असे फॉन्ट विनामूल्य खुले केले. इतके असूनही शाळांच्या सूचना, निकाल, निमंत्रणे आजही फुलांच्या चौकटीतील चित्र म्हणून पाठवली जातात. चित्रात कोंडलेले मराठी शोधयंत्राला सहजी सापडत नाही, अंध वाचकाच्या यंत्राला उच्चारता येत नाही, आणि दहा वर्षांनी कोणी शोधू म्हणेल तर हाती लागत नाही. मजकूर मजकुराच्या रूपातच द्यावा, आणि प्रत्येक चित्रास त्याचे वर्णन सांगणारा पर्यायी मजकूर जोडावा, हा नियम मी परीक्षेतील गुणांशी बांधून टाकीन.

लिपीच्या प्रकृतीकडेही लक्ष वेधले पाहिजे. इंग्रजी पानावर शोभणारी अक्षरांतील मोकळीक मराठी शब्दाला दिली की शिरोरेषा तुटते. इंग्रजीच्या मापाने ओळींतील अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत गुंततात. पानाच्या प्रारंभी भाषेच्या जागी मराठीचा संकेत लिहिला, तर ज्या फॉन्टांत तशी सोय आहे ते ल आणि श यांची मराठी वळणे वापरतात. तो लिहिला नाही तर हिंदी वळणाची अक्षरे पुढे येतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील र नीट टंकता येणे ही मला टॅग पाठ असण्याइतकीच महत्त्वाची पात्रता वाटते. अक्षरलेखनाचा तास घेणाऱ्या कलाशिक्षकाला हे सारे ठाऊक आहे. त्याने संगणक कक्षाचा उंबरठा ओलांडावा, एवढीच उणीव आहे.

परीक्षेविषयी थोडक्यात सांगतो. छापील प्रत तपासून गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याला मूळ चित्र, बदललेले चित्र आणि पानाची फाइल उघडून पाच मिनिटे बोलावयास लावावे. हे काम वेळखाऊ आहे, हे मान्य करूनही मी ते सुचवतो, कारण नक्कल आणि समज यांतील अंतर त्या पाच मिनिटांत निश्चित उघडे पडते.

शेवटी आपणांकडे एक मागणे आहे. या शैक्षणिक वर्षात प्रत्येक शाळेच्या नववीने आपल्या गावातील एकच विषय निवडावा: आठवड्याचा बाजार, जुनी विहीर, बंद पडलेली जिनिंग मिल, मासळी सुकवण्याचे वाळवण, काहीही. त्यावर स्वतः काढलेली छायाचित्रे, ज्यांची चित्रे घेतली त्यांची परवानगी, केलेल्या बदलांची सहीनिशी नोंद आणि युनिकोडात शुद्ध मराठीत लिहिलेला मजकूर, असे एक पान मुलांनी आपल्या हाताने तयार करावे. पुढील संमेलनास येताना ती पाने, आणि शक्य असेल तेथे ती रचणारी मुलेही, आपण बरोबर आणावीत, अशी माझी आपणा सर्वांस आग्रहाची विनंती आहे.